सात फुटांचा रॅम्प

प्रिय ताई,

आणि भेकड कोणाला म्हणतेस गं तू? म्हणे, "लांब बसून सल्ले देणारा भेकड." म्हटलंस, फोन ठेवलास, आणि त्याला आज बावीस दिवस झाले. मी रोज लावतो. रिंग पूर्ण वाजते, म्हणजे फोन तुझ्या टेबलावरच आहे, दुरुस्तीला आलेल्या पंख्यांच्या पात्यांमध्ये कुठेतरी, आणि तू त्याच्याकडे बघत बसली आहेस. हे बरोबर नाही. भांडायचं तर समोरून भांडावं. लहानपणी तू माझे केस धरून भांडायचीस ते बरं होतं, निदान डोकं कुठे आहे ते मला कळायचं. मी असं काय बोललो होतो? म्हणालो, तक्रार मागे घे. म्हणालो, हात मोडायचा तो मोडला, आता कचेरीशी भांडून हाड सरळ होणार नाही. हे मी आठ महिन्यांत दहा वेळा म्हणालो असेन, आणि दर वेळी तू म्हणालीस की मी आईसारखा बोलतो. मग एकदम भेकड. ठीक आहे. फोनवर जमत नाही ते कागदावर लिहितो. आज सुट्टी आहे. दुपार आहे. खोलीतले बाकीचे सहा जण बाहेर गेलेत, एक वेल्डर तेवढा झोपलाय, आणि तो झोपेतही कोणाला तरी शिव्या देतो, पण त्याची अडचण नाही. पानं बरीच लागतील. मध्येच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड.

आई मात्र फोन उचलते. म्हणजे पहिल्या रिंगला उचलते आणि हॅलो म्हणायच्या आधी रडायला लागते. मागच्या महिन्यात म्हणाली, "अरे, तुझी ताई कागदावर मेली रे." माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. मग अर्धा तास विचारून विचारून कळलं, की आपण जिवंत आहोत अशी सही वर्षातून एकदा कचेरीत जाऊन कारकुनासमोर करावी लागते, ती या वर्षी तू केली नाहीस, म्हणून मानधन बंद. का केली नाहीस, तर कारकून वरच्या मजल्यावर बसतो. बत्तीस पायऱ्या. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांना जे पैसे मिळतात, ते मिळवायला पायऱ्या चढायच्या. हे ठरवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. मारणार नाही. आमच्या साइटवर नेईन, पाठीवर सिमेंटचं पोतं देईन आणि म्हणेन, साहेब, तुम्ही जिवंत आहात ना, मग वर येऊन सांगा.

पायऱ्यांचं तुला मी काय सांगू? तुझी आठवी वरच्या मजल्यावर गेली तेव्हा मी पाचवीत होतो. हेडमास्तर बाबांना म्हणाले, एका मुलीसाठी वर्ग खाली आणता येत नाही, भाऊ आहे ना उचलायला. भाऊ होता. सकाळी वर, मधल्या सुट्टीत खाली, परत वर, संध्याकाळी खाली. माझ्या वर्गात मी रोज उशिरा पोचायचो आणि मास्तर म्हणायचे, "या घोडेस्वारांचे घोडे." सगळा वर्ग खिदळायचा. तूही काही कमी नव्हतीस. तुला टाचा मारता यायच्या नाहीत म्हणून कान ओढायचीस. डावा कान म्हणजे डावीकडे, दोन्ही कान म्हणजे थांब, खालून कोणीतरी येतंय. माझा डावा कान अजून जरा लांब आहे असं वेल्डर म्हणतो. पाचवीत दोनदा नापास झालो आणि शाळा सोडली. तुला आजही वाटतं की ती तुझ्यामुळे सोडली. खोटं आहे. माझ्या पायाला भिंगरी होती, मला बाकावर बसवतच नव्हतं. बाबा म्हणायचे ना, एकीचे पाय देवानं दुसऱ्याला जोडले, चारही याच्याच अंगात आलेत. पण मी सोडली आणि तुला वर न्यायला कोणी उरलं नाही, आणि दोन महिन्यांत तुझीही सुटली, हे मात्र खरं आहे. याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. तू मला घरी बसवून वाचायला शिकवलंस, सही घोटवून घेतलीस, पण हे बोलली नाहीस.

मग तू पंखे भरायला शिकलीस. मला अजून आठवतं, जळालेली कॉइल उकलायची, तारेचे वेढे मोजत नवी भरायची, आणि मोजताना घरात कोणी शिंकलं तरी तू डोळे वटारायचीस. गल्लीत म्हणायचे, हिनं भरलेला पंखा आवाज करत नाही. एकदाच तुझे वेढे चुकले. त्या दिवशी तू कचेरीतून आली होतीस. मी कामावर होतो म्हणून बाबा घेऊन गेले होते, आणि दोन शिपायांनी तुला खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. एक दुसऱ्याला म्हणाला, "जपून रे, माल फुटायचा." वर कारकुनानं तुझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "हिला सही येते का?" हे मला बाबांनी सांगितलं. तू आल्या आल्या टेबलाशी बसलीस, पंखा घेतलास, आणि तीन वेळा भरून तीन वेळा उकललास. मी दारात उभा राहून बघत होतो. तेव्हा मी मनात काहीतरी ठरवलं होतं. काय, ते पुढे सांगतो, आधी इथलं सांगू दे.

इथे आमची साइट म्हणजे एक दवाखाना आहे, पाच मजल्यांचा. मी आता नुसता हाताखालचा नाही, फिनिशिंगला मला बोलावतात. माझा हात गुळगुळीत आहे असं फोरमन म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या पुढच्या दाराला रॅम्प घालायचा होता. दाराची उंची दोन फूट आणि रॅम्प चोवीस फूट, शिवाय मध्ये पाच फुटांची सपाट जागा. मी म्हणालो, एवढा लांब कशाला, पेशंट वर पोचेपर्यंत बरा होऊन परत जाईल. सगळे हसले. मीही हसलो, आपण काहीतरी बोललो म्हणून. रॅम्प झाला. चार दिवसांनी तपासायला बाई आल्या. बाई स्वतः चाकाच्या खुर्चीत. पिकलेले केस, हातात चामड्याचे मोजे, मांडीवर फायली. कोणाला ढकलू दिलं नाही. चढल्या, मधल्या सपाट जागेवर थांबल्या, दम घेतला, पुन्हा चढल्या आणि वरच्या टोकाला येऊन म्हणाल्या, "शेवटचे तीन फूट फोडा." फोरमन म्हणाला, "बाई, बोटभर फरक आहे हो." बाई म्हणाल्या, "बोट तुमचं आहे, खांदा माझा." मग त्यांनी दवाखान्याची नवी खुर्ची आणायला लावली आणि फोरमनला म्हणाल्या, बसा. फोरमन बसला. चढला, घामाघूम झाला, शेवटच्या तीन फुटांत त्याची पुढची चाकं उचलली आणि आम्ही चौघांनी त्याला मागून धरलं. मग बाईंनी एकेकाला बसवलं. मलाही.

ताई, आपल्या घरात अठरा वर्षं खुर्ची आहे. मी तिला तेल घातलंय, तिची चाकं बदललीत, तिच्यावरून पडून दात पाडून घेतलाय. तिच्यात मी एकदाही बसलो नव्हतो. का बसलो नव्हतो कोण जाणे. तुझी म्हणून असेल. त्या दिवशी पहिल्यांदा बसलो आणि चढायला लागलो. हात चाकावरून सोडला की खुर्ची मागे येते. श्वास घ्यायला थांबावं तर मागे येते. नाक खाजवावं तर मागे येते. अंग पुढे झुकवावं लागतं आणि तरी असं वाटतं की मागून कोणीतरी कॉलर धरून ओढतंय. तो रॅम्प जवळजवळ बरोबर होता. बोटभरच चुकला होता. मी वर पोचलो आणि मला उठताच येईना. फोरमन म्हणाला, ए, पाय आहेत तुला, ऊठ. सगळे हसले. मी त्या खुर्चीत बसून मनात एक आकडा करत होतो. दीड फूट उंची आणि सात फूट लांबी. दीड फूट आणि सात.

तू फोनवर मला कायदा समजावून सांगायचीस तेव्हा मी हं हं करायचो. तुला वाटायचं, याला कळत नाही. सगळं कळत होतं. एक फुटाला बारा फूट. दीड फुटाला अठरा. हे तू पाठ म्हणून दाखवायचीस. आणि म्हणायचीस, "मी दया मागत नाही रे. सोय न करणं म्हणजे नाकारणं, आणि नाकारणं म्हणजे भेदभाव, असं लिहिलंय. दारावर पाटी लावली असती, तू आत यायचं नाहीस, तर सगळ्यांना दिसलं असतं. पायऱ्या बांधल्या की कोणाला दिसत नाही." मी म्हणायचो, जाऊ दे ना ताई. तू म्हणायचीस, कचेरीनं उत्तर दिलंय, रॅम्प नियमाप्रमाणेच होता, तक्रारदार बाई सोबत कोणाला न आणता आल्या आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं पडल्या. मी म्हणायचो, त्यांच्याशी कोण भांडणार. आणि एकदा तू म्हणालीस, "तो गवंडी मला सापडायला हवा. मी त्याला काही करणार नाही. एवढंच विचारीन, बाबा रे, हा तू कोणासाठी बांधलास?" त्या दिवशी मी म्हणालो, रेंज जातेय, आणि फोन बंद केला. रेंज होती.

तुझ्यासाठी बांधला होता. तो मी बांधला.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो. मी इकडे यायच्या आधीच्या आठवड्यात दोन सुट्ट्या लागून आल्या होत्या, आठवतं? मी सांगितलं होतं की मित्राच्या घराचा ओटा बांधायला जातोय. ओटा नव्हता. कचेरीत तिसऱ्या दिवशी वरून तपासणी येणार होती आणि दाराशी रॅम्प नाही म्हणून साहेबांची धावपळ उडाली होती. मुकादमानं मला आणि एका बिगाऱ्याला बोलावलं. म्हणाला, बोभाटा करायचा नाही, दोन दिवसांत झालं पाहिजे. मला तर आकाश ठेंगणं झालं. तू पंखा तीन वेळा उकललास त्या दिवशी मी हेच ठरवलं होतं, की एक दिवस त्या कचेरीच्या पायऱ्या मी फोडीन. मुकादमाला मी म्हणालो, मजुरी नाही दिली तरी चालेल. तो म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं, आणि दिली. जागा बघितली तर पायऱ्यांपुढे गटारापर्यंत सातच फूट. बाजूनं वळवून लांब करता आला असता, पण तिथे साहेबांची गाडी उभी राहते. मी विचारलं, चढ जास्त नाही होणार? मुकादम म्हणाला, गाडी चढली म्हणजे झालं. तुला माहीत नाही, आमच्यात रॅम्प असाच बघतात. एकचाकी ढकलगाडीत माल भरायचा आणि पळत वर न्यायची. चढली तर रॅम्प बरोबर. मी स्वतः नेली, दोन पोती घालून. एका दमात चढली. मी वरून ओरडलो, "चढली!" अरे पण ती मी मागून ढकलत होतो. माझे पाय जमिनीला होते. पोत्यांना कुठे हात होते चाकं फिरवायला. एवढं साधं, आणि माझ्या डोक्यात आलं नाही, ज्याच्या घरात तू आहेस त्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि याहून वाईट पुढे आहे. रॅम्पला वरून खराटा मारतात, ओल्या सिमेंटवर आडव्या रेघा ओढतात, चाक घसरू नये म्हणून. बिगारी खराटा घेऊन आला. मी त्याला हाकललं. मला वाटलं, खरबरीत राहिलं तर तुझी खुर्ची खडखडेल, तुझ्या पाठीला हादरे बसतील. मी गुडघ्यावर बसून तो अख्खा रॅम्प थापीनं घोटला. कोरडं सिमेंट शिंपडून घोटला, पुन्हा घोटला. तोंड दिसेल असा केला. आयुष्यात मी त्याच्याआधी एवढं चांगलं काम केलं नव्हतं. बिगारी म्हणाला, काय रे, तुझ्या लग्नाचा मांडव आहे का इथे? मी म्हणालो, माझी ताई येणार आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीच्या इंजिनिअरनं एक खुर्ची कुठून तरी मागून आणली, शिपायाला वरच्या टोकाला तिच्यात बसवलं आणि फोटो काढला. शिपाई पाय पोटाशी घेऊन वाकडं तोंड करत होता. सगळे हसत होते. मी पण हसलो. खुर्ची तिथे दहा मिनिटं रिकामी होती, ताई. खालून वर एकदा चढून बघ, असं कोणीही म्हणालं नाही, आणि मी हातपाय धूत होतो. मग मुकादमानं एक कागद पुढे केला. मोठा गवंडी गावी गेलाय, तू कर सही. मी वाचलं, तू शिकवलंस तसं बोट ठेवून वाचलं. काम नियमाप्रमाणे, उतार एकास बारा. मी विचारलं, हे काय असतं? तो म्हणाला, "हे असतं सही करायचं. चहा थंड होतोय." मी केली. ऐटीत केली. दोन रेघा खाली ओढून, तू घोटवून घेतली होतीस तशी.

तुला मी नेऊन दाखवणार होतो. पण तिसऱ्या दिवशी एजंटाचा फोन आला, जागा आहे, उद्या निघायचं. मी निघालो. माझं हे असंच. म्हटलं, पहिला पगार झाला की फोन करीन, म्हणेन, ताई, नटून कचेरीत जा, एकटी जा, आणि दाराशी काय आहे ते बघ. पहिल्या पगाराच्या आधीच आईचा फोन आला. कचेरीनं तुला पत्र पाठवलं होतं, आता रॅम्प झालाय, दारापर्यंत या, कारकून खाली येऊन सही घेईल. तू पहिल्यांदाच कोणाला न घेता घराबाहेर पडलीस. आई म्हणाली, निळा ड्रेस घालून गेली होती. कोणीतरी व्हरांडा धुतला होता, पाणी रॅम्पवरून ओघळत होतं. अर्ध्यात चाक घसरलं, पुढची चाकं उचलली, आणि तू खुर्चीसकट मागे. गटाराच्या कडेवर मनगट. लोक जमले आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, सोबत कोणी नाही का? आई फोनवर म्हणत होती, "ज्यानं बांधला त्याचे हात झडोत." मी म्हणालो, हो आई.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनगट वाकडं जुळलं, डाव्या हातानं तार ओढायला लागलीस, पंखे आवाज करून परत यायला लागले, तेव्हा सांगायला हवं होतं. तू दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केलीस, त्याच्याखाली आणखी नऊ जणांनी सह्या केल्या, तो आंधळा पेटीवाला मास्तर तर बोटाने कागद चाचपून म्हणाला, "पोरी, मला पायऱ्या चढता येतात गं, पण वरची कोणती खिडकी कशाची ते कोणी सांगत नाही, तेही लिही." तू तेही लिहिलंस. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी काय केलं? दर वेळी म्हणालो, मागे घे. तुला वाटलं, मी त्यांना घाबरतो. त्यांना कोण घाबरतंय. मी त्या कागदाला घाबरत होतो. आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी रॅम्प फोडून टाकला, दुरुस्ती म्हणून, तेव्हा तू फोनवर रडत होतीस की आता मापायला काही उरलंच नाही, आणि ताई, मला हलकं वाटलं. तू रडत होतीस आणि मला हलकं वाटलं. यासाठी तू मला जे म्हणशील ते थोडं आहे.

गुरुवारी आईशी बोललो. आई म्हणाली, "झालं बाबा तुझ्या मनासारखं. तिनं तक्रार मागे घ्यायचा फॉर्म आणलाय." मी विचारलं, एकदम का? आई म्हणाली, "मला काय माहीत. कचेरीच्या कागदांची नक्कल आली त्या दिवसापासून बोलत नाही. एकच कागद पुढ्यात घेऊन बसते. मी विचारलं काय आहे त्यात, तर म्हणाली, काही नाही, एक सही आहे." मी विचारलं, कधी आली नक्कल? तिनं दिवस सांगितला. मला भेकड म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी फोन कानाला लावून साइटवर उभा होतो आणि मिक्सर गरगरत होता. दोन रेघा खाली ओढलेली सही, तुझ्या हातानं घोटवलेली, तुला ओळखता येणार नाही होय? तू बावीस दिवस फोनकडे बघत बसली आहेस ते रागानं नाही. रागानं असतीस तर उचलला असतास आणि कान ओढला असतास. तू ओळखलंस, आणि मी अडकू नये म्हणून तू गप्प बसलीस. त्या गवंड्याचं नाव आयुक्तांना सांगितलं की तुझी केस उभी राहते, हे माहीत असून तू नाव सांगितलं नाहीस. उलट फॉर्म आणलास. नऊ माणसांची तोंडं बघायची, पेटीवाल्या मास्तरला उत्तर द्यायचं, कागदावर मेलेलीच राहायचं, पण भावाचं नाव घ्यायचं नाही.

म्हणून हे पत्र. आठ महिने मी म्हणत होतो मागे घे, आता हात जोडून सांगतो, मागे घेऊ नकोस. तो फॉर्म फाड. मी शुक्रवारी आयुक्तांच्या ऑफिसात फोन केला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक क्लार्क आला. मी तुझ्या केसचा नंबर सांगून विचारलं, रॅम्प बांधणाऱ्याचा जबाब लिहून पाठवला तर चालेल का? तो म्हणाला, "लेखी नको, माणूस समोर हवा. आहे का तो जिवंत?" मी म्हणालो, आहे. "कुठे असतो?" मी म्हणालो, मीच तो. सव्वा वर्षात पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि निघालं ते एका अनोळखी माणसापुढे. तो म्हणाला, "खोट्या कागदावर सही आहे हे माहीत आहे ना? दंड होईल, आणखीही काही होईल." मी म्हणालो, लिहून घ्या नाव. त्यानं लिहून घेतलं आणि सुनावणीची तारीख सांगितली. आता तू नाही सांगितलंस तरी ते तिथे आहे. फोरमन म्हणाला, काम अर्धं टाकून गेलास तर राखून ठेवलेला दोन महिन्यांचा पगार विसर आणि परत तोंड दाखवू नकोस. मला भीती वाटते, ताई. रात्री जेवण जात नाही. मुकादम काय करेल, बाबा काय म्हणतील, आईला ते हात झडोत आठवेल तेव्हा ती काय करेल, कशाचाच पत्ता नाही. तुझ्याकडे बघता येईल का, तेही माहीत नाही. पण सुनावणीच्या खोलीत दुसऱ्या कोणाकडून तू हे ऐकू नयेस, माझ्याकडून आधी ऐकावंस, एवढ्यासाठी आज बसून लिहिलं. त्या दिवशी तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी मागच्या बाकावर बसेन. नाव पुकारलं की उठून माप सांगीन, उंची दीड फूट, लांबी सात, वरून घोटलेला. तू फक्त ये. तिथे जायला मागून फळी लावून खुर्ची चढवतात ती गाडी मिळते म्हणे, ती ठरव. कोणाला उचलू देऊ नकोस. मलाही नाही.

तुझाच,
धाकटा

पैसे या महिन्याला कमी आहेत, बाबांना तसं सांग. तिकीट काढून उरले तेवढे गाडीच्या भाड्याला पाठवतोय. सातशे चाळीस रुपये.